शांतिसेनेत जायचंय? मग पगारपत्रक वाचायला शिका

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. खानापूर-निपाणीकडे घरटी नसला तरी भावकीत एखादा फौजी असतोच. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना म्हटलं की आपल्या पोरांना निळी टोपी आणि बंदूकच दिसते. पण तिथं गणवेशाविना करायचं कामही पुष्कळ आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मी दक्षिण सुदानमध्ये मलाकालच्या तळावर नागरी विभागात होते. २०१३ च्या डिसेंबरात यादवी पेटली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी तळांची फाटकं उघडली आणि हजारो जीव वाचले. तरी बाई सरपणाला कुंपणाबाहेर गेली की वाटेत हत्यारबंद माणूस आडवा येई. तिथल्या देशी फौजेतल्या अनेक सैनिकांना महिनोन्‌महिने पगार नसे. त्यांच्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, हेही लोकांना ठाऊक नसे. गस्त वाढवली की तेवढ्यापुरता आधार मिळतो. सैनिकाला वेळेवर पगार, गुन्हा केला तर खटला आणि वर जाब विचारणारं सरकार, ही घडी बसवणं म्हणजे सुरक्षा क्षेत्राची सुधारणा. माझ्या मते नागरिकांचं टिकाऊ रक्षण इथेच होतं, आणि सगळ्यात कमी माणसंही इथेच येतात.

वाचन सुरक्षा परिषदेच्या ठरावांपासून सुरू करा: नागरिकांच्या रक्षणाचा अधिकार शांतिसेनेला स्पष्टपणे देणारा १९९९ चा १२७० (सिएरा लिओन), मग या सुधारणेवरचा २०१४ चा २१५१. सोबत आपल्याच तालुक्याच्या कोर्टात वकिलाच्या हाताखाली बसा. फिर्याद कशी नोंदवतात, कुठे अडते, ते डोळ्यांनी बघा. मला तिकडे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच.

काँगोतल्या शांतिसेनेत जायचं तर फ्रेंच हवीच. दुभाषा निवडताना मात्र आपली सीमाभागातली समज कामी येते. घरी मराठी, कचेरीत कन्नड, अशात वाढलेल्याला कळतं की समोरचा दुभाषा कुठल्या समाजाचा आहे हे पाहूनच माणूस तोंड उघडतो. मलाकालमध्ये शिल्लुक, नुएर, दिंका यांच्याशी बोलताना मी हे आधी बघत असे.

पोलीस खात्यात असाल तर वाट वेगळी: काही वर्षांची सेवा, मग भाषा, वाहन चालवणं आणि नेमबाजीची चाचणी. इतरांनी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत थेट नाव नोंदवावं. अर्जाला किंवा मुलाखतीला तिथं एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा.