१ किलोच्या तंगुसावर जागतिक विक्रम: या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्याला मोठा मासा कसा काढायचा हे कुणी शिकवायला नको. जाड तंगूस, मजबूत गळ आणि दंडात जोर असला की काम भागतं. पण १ किंवा २ किलोच्या, म्हणजे तेवढ्याच भाराला तुटणाऱ्या, तंगुसावर विक्रम करायचा म्हटलं की याच सवयी आड येतात. गळाच्या मासेमारीच्या जागतिक विक्रमांची नोंद इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, म्हणजे आयजीएफए, ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था ठेवते. तिचं मुख्य कार्यालय अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात आहे. तिच्या यादीत तंगुसाच्या ताकदीप्रमाणे वर्ग आहेत: १, २, ३, ४, ६, ८, १० किलो आणि त्यापुढे ६० किलोपर्यंत. कोणत्या जातीसाठी हे वर्ग खुले आहेत, हे त्या यादीत आधी पाहून घ्या. प्रत्येक माशाला ते नसतात. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: या वर्गांत माशाच्या वजनाइतकीच तुमच्या तंगुसाची तपासणी होते. म्हणून बहुतेक विक्रम पाण्यात गळ पडायच्या आधीच, घरी, हातचे जातात.

बंडलावरच्या आकड्यावर विश्वास

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. बाजारातल्या बंडलावर २ किलो छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते तंगूस ३ किलोलाही तुटत नाही. रोजच्या मासेमारीत गिऱ्हाईक यावर खूशच असतं, कंपनीही त्यासाठीच आकडा कमी छापते. विक्रमाच्या अर्जात मात्र तुमचा नमुना यंत्रावर ताणून तोडला जातो आणि तो १ किलोच्या वर गेला की मासा सरळ २ किलोच्या वर्गात ढकलला जातो. तिथे कदाचित आधीच दुप्पट वजनाचा विक्रम बसलेला असतो. पीई किंवा ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोऱ्यात हा फरक आणखी मोठा निघतो. त्यामुळे अगदी हलक्या वर्गात मी कुणालाही ब्रेड वापरायला सांगणार नाही. ‘आयजीएफए क्लास’ असं छापलेलं नायलॉन मिळतं, ते ठरलेल्या भाराच्या आत तुटेल असं बनवलेलं असतं. मागवायला वेळ लागला तरी तेच घ्या.

तपासणी ओल्या तंगुसाची होते. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की कोरड्यापेक्षा कमी भाराला तुटतं. फ्लुरोकार्बनचं तंगूस जवळपास पाणी पीत नाही, त्याला ही सवलत नाही. घरच्या घरी पाहायचं असेल तर तंगूस दोन तास पाण्यात भिजत ठेवा. एक टोक गुळगुळीत, जाड दांड्याला सात-आठ वेढे देऊन अडकवा, कारण गाठ मारली तर गाठीपाशीच तुटेल आणि आकडा खोटा येईल. दुसरं टोकही तसंच वेढे देऊन रिकाम्या बादलीच्या कडीला अडकवा आणि तांब्याने हळूहळू पाणी ओता. तुटल्यावर बादली पाण्यासकट जोखा. बंडलाच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच तुकडे असेच तोडा आणि सगळ्यांत मोठा आकडा खरा धरा, सरासरी काढत बसू नका.

रिळाच्या तळाशी लपलेला घोटाळा

महागडं तंगूस वाचवायचं म्हणून रिळावर खाली जुनं जाड तंगूस भरायचं आणि वर ५० मीटर बारीक जोडायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. नियम असा आहे की खालचं तंगूस वरच्याला गाठीने जोडलेलं असेल तर दोन्हींपैकी जे जास्त ताकदीचं, त्याचा वर्ग लागतो. खाली ६ किलोचं जोडलं, तर वरच्या १ किलोच्या तंगुसाला काही अर्थ उरत नाही. भरावच हवा असेल तर तो जोडू नका, नुसता गुंडाळा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि बारीक तंगूस स्वतंत्र बांधा.

उलट, लीडरच्या, म्हणजे गळ आणि मुख्य तंगूस यांच्यामधल्या तुकड्याच्या, ताकदीवर बंधन नाही. मरळीचे दात किंवा वामीची धडपड सोसेल असा जाड लीडर खुशाल लावा. फक्त लांबी पाहा: गोड्या पाण्यात, १० किलोपर्यंतच्या वर्गांत लीडर १.८२ मीटरपेक्षा जास्त नको आणि दुहेरी तंगूस (लीडरआधी दुमडून दुपदरी केलेला भाग) धरून एकूण ३.०४ मीटरच्या वर नको. दुहेरी तंगुसासाठी बिमिनी ट्विस्ट ही गाठ शिकून घ्या. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडं नायलॉन आवळताना घासून तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं.

पंचगंगेवर चालतं, नियमात चालत नाही

रोहू-कटल्यासाठी पेंडीच्या गोळ्याभोवती पाच-सहा गळांचा गुच्छ लावतात. पेंडीत गूळ कालवला की मासा येतोही झटपट. पण आयजीएफएच्या नियमात आमिषासाठी जास्तीत जास्त दोन गळ चालतात, तेही एकेरी. तीन टोकांचा गळ आमिषाला लावला तरी मासा बाद. १ किलोच्या तंगुसावर तसाही गुच्छाचा उपयोग नसतो, कारण झटका देऊन तो रुतवण्याइतका जोर तुम्हाला लावताच येत नाही. पातळ तारेचा, नखावर टेकवला की न घसरणारा एकच धारदार गळ घ्या.

दुसरी सवय हाताची. मासा काठापाशी आला की काठी बगलेत धरून तंगूस हाताने ओढायचं. विक्रमासाठी मासा काठी आणि रिळावरच खेळवावा लागतो. काठी दगडावर किंवा दुचाकीच्या सीटवर टेकवून खेळवलेला मासाही बाद होतो.

तिसरी सवय प्रेमाची आहे, म्हणून टाळायला सगळ्यांत अवघड. मासा जोर करायला लागला की शेजारचा भाऊ धावत येतो, “दे इकडं, तुला जमत न्हाई” म्हणतो आणि काठीला हात लावतो. त्या एका स्पर्शाने विक्रम संपला. मासा खेळवत असताना काठी, रीळ आणि तंगूस यांना दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये. लीडर हाताशी आला की तो दुसऱ्याने धरला तर चालतं, जाळंही दुसऱ्याने लावलं तर चालतं. हे काठावरच्या प्रत्येकाला गळ टाकायच्या आधी सांगून ठेवा, ऐन वेळी ओरडून उपयोग होत नाही.

तंगूस सारखं तुटतंय?

मासा लागल्या लागल्या तुटत असेल तर ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, चिकटतोय. तंगुसाला ड्रॅगपेक्षा थोडं जास्त वजन बांधून हळूच सोडा. ते सरकत खाली गेलं तर ठीक, हिसके देत गेलं तर आतल्या चकत्या साफ करा. मोसम संपल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवला नाही की हेच होतं. १ किलोच्या तंगुसाला ड्रॅग २०० ते ३०० ग्रॅमच्या दरम्यान हवा. तो बोटाने ओढून अंदाजाने नको. काठी वाकवून, टोकापुढच्या तंगुसाला स्प्रिंगचा छोटा काटा लावून मोजा.

मासा लांब गेल्यावर तुटत असेल तर कारण वेगळं आहे आणि इथे भले भले फसतात. रिळावरचं तंगूस कमी होत जातं तसा वेढ्यांचा व्यास घटतो आणि ड्रॅगची पकड आपोआप वाढते. व्यास निम्मा झाला की २५० ग्रॅमचा ड्रॅग ५०० ग्रॅमचा होतो. त्यात नदीच्या धारेत तंगुसाला पोट सुटलं की पाण्याचा ओढा वेगळा. अशा वेळी घाबरून माणूस ड्रॅग आवळतो, आणि करायला हवं नेमकं उलट. ड्रॅग सैल करा, काठी उंच धरा आणि काठाकाठाने माशामागे चाला. म्हणूनच जागा निवडताना झाडी आणि चिखल टाळून पन्नास-शंभर पावलं मोकळं चालता येईल असा काठ बघा.

ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहिलं तर स्पिनिंग रिळावर तंगुसाला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. काठी सावकाश उचला, खाली नेताना तेवढंच गुंडाळा. तुटलेलं टोक खरखरीत लागलं तर काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा, धागे अडकतील तिथे कड्याला चीर आहे.

काटा

जपानच्या मानाबू कुरिता यांनी २००९ साली बिवा सरोवरात १०.१२ किलोचा लार्जमाउथ बास पकडला. जॉर्ज पेरी यांचा १९३२ पासूनचा विक्रम १०.०९ किलोचा. मासा जड असूनही नोंद झाली ती बरोबरीची, कारण ११.३३ किलोपेक्षा कमी वजनाच्या माशाला जुना विक्रम मोडायला किमान ५६.६९ ग्रॅम जास्त लागतात. त्याहून मोठ्या माशाला जुन्या वजनाच्या अर्धा टक्का जास्त लागतं. शिवाय काट्याच्या दोन खुणांमध्ये वजन आलं तर खालची खूण धरतात. मार्केट यार्डात गुळाचे रवे जोखणारा मोठा काटा जवळ असतो म्हणून तिथे धावू नका, त्याची एक खूणच तुमची आघाडी गिळून टाकेल. बारीक मापाचा, वैधमापन विभागाने गेल्या बारा महिन्यांत पडताळलेला काटा आधीच हेरून ठेवा आणि प्रमाणपत्राचा फोटो घ्या. वजन जमिनीवरच करायचं, झोळीचं वजन वजा करायचं.

फोटोत पूर्ण मासा आडवा दिसू दे, पर उघडे असू देत. काठी, रीळ, काटा आणि तुम्ही स्वतः, सगळ्यांचे फोटो लागतात. आपल्या धरणांत रोहू-कटल्याचे संकर असतात आणि चिलापीतही सरमिसळ आहे. जातीची शंका असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारून घ्या.

माशाच्या जिवावर नको

बारीक तंगुसावर झुंज लांबते आणि मासा थकून मरतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेलं, प्राणवायू कमी, तेव्हा १ किलोच्या तंगुसावर मोठ्या महाशीरामागे लागणं मला अजिबात मान्य नाही. थंडीतलं गार पाणी बघा आणि तंगुसाला झेपेल तेवढाच मासा धरा. सोडायचा असेल तर ओल्या झोळीतच जोखा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नका. तलाव आणि धरणांतली मासेमारी बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तिथे लेखी परवानगी घ्या. बेकायदा पकडलेल्या माशाचा विक्रम होत नाही.

तंगूस कापून टाकू नका

मासा जाळ्यात आला की आनंदाच्या भरात चाकू निघतो आणि लीडर कापला जातो. नमुना म्हणून पूर्ण लीडर, दुहेरी तंगूस आणि त्यामागचं किमान १५.२४ मीटर एकेरी तंगूस, सगळं एकसंध पाठवावं लागतं. ताठ पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना खाचा पाडा, त्यात ते सैलसर गुंडाळा आणि पुठ्ठ्यावर तुमचं नाव आणि तंगुसाची ताकद लिहा. गुंता झालेला नमुना स्वीकारत नाहीत. आपल्याकडून जाणारा अर्ज मासा पकडल्यापासून तीन महिन्यांच्या आत आयजीएफएकडे पोहोचावा लागतो, टपालाचे दिवस त्यातच धरा.