हॉटस्पॉट जोडला जातो, पण इंटरनेट चालत नाही : माझा अनुभव

अँड्रॉइड फोनवर नेट व्यवस्थित. हॉटस्पॉटला लॅपटॉप लगेच जोडला जायचा, पण खाली ‘नो इंटरनेट’. घरातला दुसरा फोन जोडला तरी तेच. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता.

पासवर्ड बदलला, बँड २.४ गिगाहर्ट्झवर आणला, व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद केले, नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या. काहीच फरक नाही. ऐन कामाच्या वेळी फार मनस्ताप झाला.

शेवटी उपाय एपीएनमध्ये, म्हणजे फोनला मोबाइल कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या नोंदींमध्ये, सापडला. काही नेटवर्कवर हॉटस्पॉटच्या डेटासाठी वेगळा एपीएन प्रकार लागतो. तो नोंदलेला नसेल तर फोनचे नेट चालते, हॉटस्पॉटवरून वाटलेले नेट चालत नाही.

आधी हॉटस्पॉट बंद करा. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, मग ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’. चालू एपीएन उघडून जुन्या नोंदींचा फोटो काढून ठेवा, हे टाळू नका. ‘एपीएन टाइप’मधला मजकूर तसाच ठेवून शेवटी स्वल्पविराम आणि डी, यू, एन ही लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे सलग टाका, मध्ये जागा नको. वरच्या तीन ठिपक्यांतून सेव्ह करा. एअरप्लेन मोड चालू करून बंद करा, मगच हॉटस्पॉट लावा.

रकाना बदलू देत नसेल तर त्याच नोंदी आणि टाइपमधली ही भर घालून नवा एपीएन बनवा आणि तो निवडा. माझ्या फोनवर तसेच करावे लागले.