फोनच्या लाँच प्रिव्ह्यूला जाताय? या चुका टाळा

लाँच प्रिव्ह्यू म्हणजे नवा फोन पत्रकार, यूट्यूबर्सना दाखवायचा, हाताळायला द्यायचा कार्यक्रम. त्यातली पहिली चूक घरी बसूनच होते. निमंत्रणाच्या मेलमधली जागा आणि वेळ तेवढी बघितली जाते, खालची 'एम्बार्गो'ची ओळ राहूनच जाते. एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेआधी काहीही बाहेर टाकायचं नाही. त्यातही बऱ्याचदा टप्पे असतात: फोनचं रूप आज दाखवा, कॅमेऱ्याचे फोटो पुढच्या आठवड्यात. वेळ कुठल्या देशाची दिली आहे तेही बघा. कॅलिफोर्नियातले उन्हाळ्यातले सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. घाईघाईत एक स्टोरी टाकलीत, तर पुढच्या वेळी यादीत नाव नसतं आणि कारणही कुणी सांगत नाही.

तिकीट काढून जायचे कार्यक्रम वेगळे. मे २०१८मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये वनप्लस ६चं लाँच झालं, तिथे चाहते तिकीट काढून आले होते. अशा ठिकाणी लपवाछपवीचा प्रश्न नसतो, पण फोन हातात मिळायला धक्काबुक्की असते.

आणि खरी गंमत हातात फोन आल्यावरच आहे. दार उघडलं की सगळे पहिल्या टेबलावर तुटून पडतात. तुम्ही सरळ मागच्या टेबलाकडे जा, फोन तोच असतो. मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. ती प्रोसेसर, बॅटरी, रंगांची नावं टिपण्यात घालवू नका. ते सगळं प्रेस नोटमध्ये येतंच. नोटमध्ये न येणारं बघा. एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जातो का? कडा तळव्याला टोचतात का? टेबलावर पालथा न ठेवता सरळ ठेवून टाइप करा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डुगडुगतो का ते लगेच कळतं. फोनला सुरक्षेची वायर लावलेली असेल, तर तिच्यासकट वजनाचा अंदाज घेण्यात अर्थ नाही. 'दोन मिनिटं वायर काढता का?' असं विचारा. अनेकदा काढून देतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. फुलांची सजावट, मऊ प्रकाश, रंगीत कपड्यातली मॉडेल असा कोपरा मुद्दाम मांडलेला असतो. तिथे तुमचा चार वर्षांचा जुना फोनही झकास फोटो काढेल. म्हणून त्या कोपऱ्याकडे पाठ करा. ट्रे घेऊन लगबगीने जाणारा वेटर, स्टेजच्या झगमगाटापुढे उभा असलेला मित्र, टेबलाखालचा अंधार, हे टिपा; आणि तीच फ्रेम स्वतःच्या फोनवरही घ्या. फोटो स्वतःकडे पाठवायचे असतील तर आधी विचारा, गुपचूप नको. पडद्यावर दाखवलेल्या नमुन्यांवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. २०१२मध्ये नोकियाच्या ल्युमिया ९२०च्या जाहिरातीतला न थरथरणारा व्हिडिओ त्या फोनवर काढलेलाच नव्हता हे उघड झालं आणि नोकियाला माफी मागावी लागली.

उलट बाजूची चूकही तेवढीच होते: डेमो फोन अडखळला किंवा तापला, की लगेच 'फ्लॉप' म्हणून मोकळं व्हायचं. आतलं सॉफ्टवेअर अनेकदा कच्चं असतं आणि फोन सकाळपासून शंभर हातांतून फिरलेला असतो. हार्डवेअरही बदलू शकतं. जानेवारी २००७मध्ये दाखवलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा प्लॅस्टिकचा होता. जूनमध्ये दुकानात आला तो काचेचा. म्हणून जे दिसलं ते 'प्रिव्ह्यूच्या नगावर दिसलं' असंच लिहा. मात्र फोन काचेआडच ठेवला असेल, तर 'हातात का देत नाही?' हे विचाराच. सॅमसंगचा घडी घालायचा गॅलेक्सी फोल्ड फेब्रुवारी २०१९मध्ये बार्सिलोनात काचेआडून दाखवला गेला. एप्रिलमध्ये परीक्षणाला दिलेल्या काही फोनचे पडदे बिघडले आणि २६ एप्रिलला ठरलेली विक्री सप्टेंबरवर गेली.

डेमो फोनवर स्वतःचं गुगल खातं उघडू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक उघडतात.

व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. फोनचा पडदा पांढराफटक येत असेल तर आपल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट दाबून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा आणि थोडं खाली ओढा. सभागृहातली गाणी आवाजात शिरली की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, त्यामुळे तुमचं बोलणं घरी येऊन रेकॉर्ड करा. आणि तिथून लाइव्ह जायच्या भरवशावर राहू नका. २०१० साली आयफोन ४ दाखवताना खुद्द स्टीव्ह जॉब्जचं वाय-फाय अडलं होतं. सभागृहात ५७० वाय-फाय चालू आहेत, ते बंद करा, अशी विनवणी त्यांनी स्टेजवरून केली.

किंमत लिहिताना पडद्यावरचा मोठा आकडा जशाच्या तसा उचलू नका. त्याच्या डोक्यावर चांदणी (*) असेल तर त्यात बँकेची सवलत आणि जुन्या फोनचा एक्स्चेंज धरलेला असतो. कार्ड नसलेल्या माणसाला किती पडेल ते विचारा आणि तो आकडा आधी द्या. 'पर्यंत' या शब्दावरही नजर ठेवा: ब्राइटनेसचा सर्वोच्च आकडा पडद्याच्या छोट्याशा भागापुरता असतो.

विमानाचं तिकीट, हॉटेल, भेटवस्तू कंपनीने दिली असेल तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगा. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी काढलेल्या सूचनांत ते आहे. शिवाय १ जुलै २०२२पासून वर्षाला २० हजारांवरच्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएस लागू झाला. परीक्षण करून परत केलेला फोन त्यात धरत नाहीत, ठेवून घेतलेला धरतात. त्यामुळे निघताना हातात फोनची पेटी आली, तर ती परत द्यायची की नाही हे तिथेच विचारा आणि उत्तर मेलवर मागून घ्या.