माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या: गोळा कशा कराव्यात, तपासाव्यात आणि छापाव्यात

माजी विद्यार्थी संघाचं वार्तापत्र हातात पडलं की लोक आधी ‘कोण कुठे आहे’ हे पान उघडतात, अध्यक्षांचं मनोगत नंतर. या पानावर फक्त जिल्हाधिकारी, कंपन्यांचे उपाध्यक्ष आणि अमेरिका दिसायला लागली की तालुक्याला मेडिकल चालवणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी, वडिलांची शेती बघणारा, असे सगळे बातमी पाठवायचं बंद करतात. ‘आपलं काय छापण्यासारखं?’ असं त्यांना वाटतं. मग सदर दर अंकात त्याच पाच-सहा नावांवर येऊन थांबतं. म्हणून साधी बातमी मिळवायची आणि ती बिनचूक छापायची, एवढं धरून कामाची आखणी करा.

यादी

मूळ आधार कॉलेजच्या कार्यालयातलं जनरल रजिस्टर. व्हॉट्सॲपचा ग्रुप त्याला पूरक. गूगल शीटमध्ये माणशी एक ओळ घ्या: रजिस्टर क्रमांक, रजिस्टरमधलं नाव, आजचं नाव, प्रवेशाचं वर्ष, शेवटच्या परीक्षेचं वर्ष, शाखा, सध्याचं गाव, मोबाइल, ई-मेल, शेवटचा संपर्क, संमती. रजिस्टरमधल्या आणि आजच्या नावाचे रकाने वेगळे हवेतच. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नावही वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. छापताना आधी आजचं नाव आणि पुढे ‘पूर्वीच्या अमुक’ असं द्या. नाहीतर वर्गमैत्रिणींना ती ओळखू येत नाही आणि बातमीचा उपयोगच संपतो.

बॅचचा घोळ हमखास होतो. ‘आमची ९४ची बॅच’ म्हणताना कुणी प्रवेशाचं वर्ष धरतो, कुणी पास झाल्याचं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले प्रवेशाच्या वर्षाने लावले तर खालच्या बॅचमध्ये जातात; एटीकेटीत, म्हणजे विषय राहून, वर्ष गेलेले पासच्या वर्षाने लावले तर मित्रांपासून तुटतात. दोन्ही वर्षं नोंदवा, पण छापण्यासाठी सरळ विचारा: ‘तुमचं नाव कोणत्या बॅचबरोबर यावं?’

दर बॅचला दोन प्रतिनिधी नेमा, एक जिल्ह्यातच राहणारा आणि एक बाहेरचा, त्यांत एक तरी महिला. प्रतिनिधी सगळे पुरुष असले की वर्गातल्या मुलींच्या बातम्या येत नाहीत, हे जुन्या अंकांची पानं चाळली तरी दिसतं. एका प्रतिनिधीकडे २५-३० नावांपेक्षा जास्त देऊ नका. त्यापुढे फोन होत नाहीत.

प्रश्न

फॉर्ममध्ये ‘उल्लेखनीय कामगिरी’ असा रकाना ठेवला की बरेच जण तिथेच फॉर्म बंद करतात. त्याऐवजी हे पाच प्रश्न पुरतात:

१. सध्या कुठे राहता आणि दिवसाचं काम काय?
२. गेल्या दोन वर्षांत काय बदललं? नोकरी, गाव, शिक्षण, घर, काहीही.
३. कॉलेजात शिकलेलं काय अजून उपयोगी पडतं?
४. कुणाचा पत्ता हवा आहे?
५. तुमचं नाव देवनागरीत कसं लिहिता?

चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा. हरवलेली नावं त्यातूनच सापडतात, आणि उत्तर छापलं की पुढच्या अंकासाठी फोन आपणहून येतात. पाचवा टाळू नका. रोमन लिपीत आलेलं आडनाव काळे की काले, भोळे की भोले, हे अंदाजाने ठरवण्यासारखं नसतं.

फॉर्म पाठवल्यावर आठवड्याने फोन करायचाच. फॉर्मवर विसंबलं तर ठरावीक लोकांचीच उत्तरं येतात. वेळ समोरच्याच्या कामाप्रमाणे धरा. शिक्षक-प्राध्यापक मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणीत असतात, शेती करणारे जूनच्या पेरणीत, चार्टर्ड अकाउंटंट जुलै आणि सप्टेंबरच्या मुदतींत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा. त्यांची रविवार सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, ती दोघांनाही सोयीची.

तपासणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक चुकीची बातमी छापली की त्या माणसाला नातेवाइकांपुढे खुलासे करत बसावं लागतं.

स्पर्धा परीक्षेच्या बातमीत चूक होते ती शब्दाची. लोकसेवा आयोग शिफारस करतो, नियुक्ती शासन करतं, आणि मधे बरेच महिने जाऊ शकतात. तेव्हा आदेश निघेपर्यंत ‘उपजिल्हाधिकारी पदासाठी शिफारस’ एवढंच लिहा. पीएच.डी.चंही तसंच: प्रबंध सादर करणं वेगळं, मौखिक परीक्षा वेगळी, आणि विद्यापीठाची अधिसूचना निघाल्यावरच ‘पदवी मिळाली’. अधिसूचनेची तारीख विचारून घ्या. पद्म पुरस्कार, साहित्य अकादमी किंवा राज्य शासनाचा पुरस्कार असेल तर अधिकृत यादी पाहता येते. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ नावाचा अनोळखी पुरस्कार असेल तर देणारी संस्था कोणती आणि नोंदणी शुल्क भरावं लागलं का, हे विचारायला संकोच करू नका. पैसे भरून मिळणारे पुरस्कार पुष्कळ आहेत. तो वगळायचा झाला तर माणूस दुखावू नये म्हणून त्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल दोन ओळी जास्त लिहा.

जुन्या पदव्यांवर विद्यापीठाचं नाव त्या वेळचंच असावं. कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजातून १९६०ला पदवी घेतली असेल तर ती पुणे विद्यापीठाची, कारण शिवाजी विद्यापीठ १९६२चं. मराठवाड्यात १९५८पूर्वीची पदवी उस्मानिया विद्यापीठाची असू शकते. माटुंग्याचं यूडीसीटी (रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्था) २००८पासून आयसीटी झालं, पण जुने विद्यार्थी स्वतःला यूडीसीटीचेच म्हणवतात. मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजची आद्याक्षरं तीच राहिली तरी ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ जाऊन ‘वीरमाता जिजाबाई’ १९९७ला आलं. पदवीच्या संदर्भात जुनं नाव ठेवा, आजच्या पत्त्यात नवं: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर.

ग्रुपवर फिरणाऱ्या अभिनंदनाच्या संदेशांवर तारीख नसते, त्यामुळे चार वर्षांपूर्वीची बढती पुन्हा ‘ताजी’ होऊन येते. ज्याची बातमी, त्याच्याशी बोलल्याशिवाय ती छापायची नाही, हा नियम पाळला तर यातलं बरंच आपोआप टळतं.

लिहिणं

एका नोंदीला ३० ते ६० शब्द. मोठ्या पदाला जास्त जागा आणि दुकानदाराला एक ओळ असं करू नका. लांबी सारखी ठेवा, क्रम बॅचप्रमाणे आणि बॅचमध्ये अकारविल्हे. पगाराचा आकडा, घराची किंमत, मुलांचे टक्के, ‘उच्चविद्याविभूषित’, ‘गरुडझेप’ हे सगळं काढा. नमुना असा:

‘(नाव), रसायनशास्त्र, १९९६. कळंबला २०११पासून बियाणं-खतांचं दुकान चालवतात. मागच्या वर्षी शेजारीच माती तपासणीची छोटी प्रयोगशाळा काढली. सामू (पीएच) आणि क्षारता स्वतः मोजतात. मुलगी लातूरला बारावीत. वर्गातल्या बार्शीकडच्या मित्रांचे पत्ते हवे आहेत.’

नोकरी सोडून घरी असलेल्या, आजारी आईवडिलांचं करणाऱ्या, धंदा बंद पडून नवं काही शोधणाऱ्या लोकांची बातमीही बातमीच आहे. त्यांना विचारून, त्यांनी म्हटलं तितकंच, त्यांच्याच शब्दांत लिहा. तिथे ‘सध्या विश्रांती’ असलं झाकणारं वाक्य घालू नका.

निधनाची बातमी घरच्या माणसाकडून आणि आणखी एका ठिकाणाहून पक्की झाल्याशिवाय घेऊ नये. मृत्यूचं कारण छापू नका. तारीख, गाव, बॅच आणि कामाबद्दल दोन वाक्यं पुरेत. नावाआधी सगळ्यांना ‘दिवंगत’ लावा. ‘कै.’ प्रत्येक घराला आपलं वाटत नाही, बौद्ध घरांत ‘कालकथित’ म्हणतात; कुटुंबाने वेगळा शब्द सुचवला तर तो वापरा.

संमती आणि छपाई

वैयक्तिक माहितीबाबत २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. फॉर्मवर स्पष्ट लिहा की माहिती कशासाठी घेतो, आणि छापील अंक, वेबसाइट, संपर्कसूची यांची संमती वेगवेगळी घ्या. ती मागे कशी घ्यायची तेही तिथेच सांगा. मोबाइल आणि पत्ता अंकात छापू नका. कुणाला संपर्क हवा असेल तर आधी समोरच्याला विचारून मग द्या. लिहिलेली नोंद त्या माणसाला पाठवून होकार घ्या, उत्तराला पाच दिवस ठेवा.

फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा; साधा पाठवला की दाबला जातो. साडेतीन सेंटिमीटर रुंद छापायचा तर ३०० डीपीआयला निदान ४१५ पिक्सेल रुंदी लागते. प्रेसवाला श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत पानं लावत असेल तर युनिकोडवरून रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात, ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’मधला र तर नेहमीच. म्हणून मुद्रित वाचन रूपांतरानंतरच्या प्रतीवर करा, आणि नावं मूळ फॉर्मशी एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने ताडून पाहा. मधोमध पिना मारायच्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात. दोन नोंदींसाठी पान वाढवण्यापेक्षा मनोगत कमी करा.

दिवाळीच्या अंकासाठी फॉर्म ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेले पाहिजेत. अंक निघाला की ज्यांची नोंद आहे त्यांना त्या पानाची पीडीएफ पाठवा, चुका कळवायला पंधरा दिवस द्या आणि दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच सदराच्या सुरुवातीला छापा. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांची नावं बॅचप्रमाणे शेवटी द्या, रजिस्टरमधल्या गावासकट. गावावरून भाऊबंद सापडतात.