रक्तसंक्रमणाचे धडे मोबाइलवरून कसे द्यावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या वॉर्डात एकाच वेळी तीन पाटील दाखल असणे नवलाचे नाही, आणि त्यांतल्या दोघी सुनीता पाटील निघाल्या तर रक्ताची पिशवी चुकीच्या खाटेपाशी पोहोचायला वेळ लागत नाही. परिचारिका, इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना रक्तसंक्रमण, म्हणजे रुग्णाला रक्त चढवणे, शिकवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा असेल तर पहिला धडा याच गोंधळाचा असावा, कारण एबीओ गट (ए, बी, एबी, ओ हे रक्तगट) न जुळल्याने होणाऱ्या गंभीर रिअ‍ॅक्शनच्या मुळाशी बहुतेक वेळा सॅम्पल घेताना किंवा पिशवी लावताना झालेली ओळखीची गल्लत असते.

हा धडा दीड मिनिटाच्या व्हिडिओत बसतो. सिस्टरने "तुम्ही सुनीता पाटील ना?" असे विचारले की अर्धवट झोपेतला रुग्ण "हो" म्हणून मोकळा होतो, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे म्हटले की त्याला स्वतःच सांगावे लागते, आणि मग ते नाव व नोंदणी क्रमांक पिशवीच्या लेबलशी पडताळता येतो. दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ दाखवावेत आणि खाली मराठीत ओळी द्याव्यात, कारण ड्यूटीवर आवाज बंद ठेवूनच पाहिले जाते. चित्रीकरणासाठी खरा रुग्ण किंवा खरे लेबल वापरू नये. सहकाऱ्याला खाटेवर झोपवावे आणि रिकाम्या पिशवीवर खोटे लेबल चिकटवावे. फोटो काढून नंतर नाव पुसण्याच्या नादात कोपऱ्यातला केसपेपर हमखास राहून जातो.

त्यानंतर आठवड्याला एकच प्रश्न पाठवावा. उदाहरणार्थ, रात्री अडीच वाजता लाल पेशींची पिशवी वॉर्डात आली, पण रुग्णाची शीर सापडत नाही. पिशवी कुठे ठेवाल? अनेकांचे बोट "वॉर्डच्या फ्रिज"वर जाते. उत्तरात कारण सांगावे: रक्तपेढीचे शीतकपाट २ ते ६ अंशांवर नोंदीसह चालते, तर इन्सुलिन आणि कुणाचा तरी डबा ज्यात असतो त्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ पेशी गोठून फुटू शकतात. त्यामुळे ३० मिनिटांत रक्त सुरू होणार नसेल तर पिशवी रक्तपेढीत परत करावी. सुरू केल्यास ती ४ तासांत संपवावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडले हे सर्वांना दिसते, म्हणून नवख्या इंटर्नला संकोच वाटू नये यासाठी टेलिग्रामची निनावी प्रश्नमंजूषा बरी.

बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मीळ रक्तगटाची माहिती लोक आवडीने पुढे पाठवतात. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लावलेला तो शोध खरोखर रंजक आहे, पण तो रविवारसाठी ठेवावा. रोज लागते ती पहिल्या १५ मिनिटांची खबरदारी: थंडी, ताप, कंबरदुखी किंवा धाप दिसताच रक्त थांबवावे, शीर नॉर्मल सलाइनवर चालू ठेवावी, डॉक्टर व रक्तपेढीला कळवावे आणि पिशवी नळीसकट परत पाठवावी. अशा रिअ‍ॅक्शनची नोंद १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स (रक्तसंक्रमणाच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे करता येते, हेही याच धड्यात सांगावे.

खाटेवरच्या रुग्णाविषयीचा प्रश्न ग्रुपवर आलाच तर तेथे चर्चा न करता लगेच फोन करावा. धडे रुजले की नाही हे अंगठ्यांवरून कळत नाही. महिनाअखेरीस रक्तपेढीच्या नोंदवहीत नाकारलेल्या सॅम्पलचा रकाना उघडावा आणि तिथे जे कारण सर्वाधिक वेळा लिहिलेले असेल, तोच पुढच्या सोमवारचा प्रश्न करावा.