अरब राजकीय विचार वाचायला कुठून घ्यायचा?

२०११ च्या कैरोतल्या तहरीर चौकातल्या उठावापासून सुरुवात करू नका, मागचं काहीच उलगडत नाही. माझं ऐका, १९२४ धरा. तुर्कस्तानने खिलाफत, म्हणजे मुस्लिम जगाचं धार्मिक-राजकीय नेतृत्व, मोडीत काढली आणि पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये अली अब्दुर्राझिक या शरिया न्यायाधीशाने लिहिलं, खिलाफत हा धर्माचा भागच नाही! अल-अझहर या कैरोतल्या धर्मपीठाने त्यांना उलेमांतून, म्हणजे धर्मपंडितांतून, काढलं, नोकरीही गेली. हा वाद सावकाश वाचा, शेजारी १९२८ ची मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी राजवट मागणारी संघटना ठेवून. अरब ऐक्याची हाक देणारा बाथ पक्ष भराभर उरकला तरी चालेल. १९६७ ला इस्रायलकडून झालेल्या पराभवाशी मात्र थांबा. सीरियन विचारवंत सादिक अल-अझमने तेव्हा स्वतःच्याच समाजाची झाडाझडती घेतली. प्रत्येक लेखकापुढे पेन्सिलने गाव लिहा: कैरो, बैरूत, पॅरिस? कुठे बसून लिहिलं याने फरक पडतो. मोकळ्या म्हणवणाऱ्या बैरूतमध्येही अल-अझमवर धर्मचिकित्सेच्या पुस्तकावरून खटला झालाच.