जिनिंगच्या स्विचचं अपडेट: हंगामाआधीची तयारी

कापसाचं वर्ष ऑक्टोबरपासून धरतात, पण आपल्या खान्देशातल्या जिनिंगची खरी धावपळ दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. एकदा काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली की नेटवर्कला कोणी हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मॅनेज्ड स्विचचं, म्हणजे काट्याचा संगणक, सर्व्हर, कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या आणि सेटिंग बदलता येणाऱ्या डब्याचं, फर्मवेअर (त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) अपडेट सप्टेंबरात उरकून घ्या. मे महिना नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असतो, पत्र्याच्या शेडमधला रॅक आधीच भाजून निघालेला असतो. तशात चार-पाच वर्षं न थांबता चाललेला स्विच बंद झाला तर तो परत उठेलच अशी खात्री मी तरी देत नाही.

मालक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: “चालतंय ना भाऊ, मग कशाला हात लावायचा?” त्यांना २०१८ सालचं उदाहरण सांगा. सिस्कोच्या स्विचमध्ये स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय होती. नवा स्विच जोडला की त्याने आपोआप कॉन्फिग (स्विचची सगळी सेटिंग) उचलावं, यासाठी ती दिलेली. तिच्यातली गंभीर चूक दुरुस्त करणारं अपडेट २८ मार्चला आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इराण आणि रशियातल्या स्विचवर याच सोयीतून हल्ला झाला आणि त्यांचं कॉन्फिग पुसलं गेलं. दुरुस्ती आलेली होती, लावायची राहिली होती. शिवाय अनेकांना ती सोय कधी लागलीच नव्हती, तरी तिचं ४७८६ नंबरचं पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) उघडंच होतं. त्यामुळे अपडेटच्या तयारीतच न लागणाऱ्या गोष्टी लिहून काढा: टेलनेट आणि साधं एचटीटीपी (दुरून स्विचमध्ये शिरायच्या जुन्या, असुरक्षित वाटा), एसएनएमपीची (स्विचवर दुरून नजर ठेवायची सोय) जुनी आवृत्ती. अपडेटच्याच रात्री त्याही बंद करायच्या.

मग स्विचचं मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती आणि आत्ताचं फर्मवेअर स्विचमध्येच पाहून उतरवून घ्या. डब्यावरच्या स्टिकरवर विसंबू नका. नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स पूर्ण वाचा. फार जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारता येत नाही, मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते, हे तिथेच लिहिलेलं असतं. नव्या आवृत्तीत एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) जुन्या पद्धती काढून टाकलेल्या असतात, तेही तिथेच कळतं. लॅपटॉपवर पुट्टी (या लॉगिनचा प्रोग्राम) जुनी असेल तर अपडेटनंतर लॉगिनच होणार नाही, म्हणून ती आधी नवी करून घ्या.

फाइल ऑफिसातच उतरवा, जिनिंगवर मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर नको. कंपनीने दिलेला शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का ते ओळखायची खूण) आणि आपल्या फाइलचा आकडा जुळतो का ते बघा. विंडोजवर तो सर्टयुटिल या कमांडने निघतो. फाइल मोठी असेल तर स्विचवर पाठवायला टीएफटीपीच्या, म्हणजे फाइल पाठवायच्या जुन्या साध्या पद्धतीच्या, नादी लागू नका. त्यात ५१२ बाइटचे तुकडे मोजून पाठवतात आणि तुकड्याचा नंबर ६५,५३५ पर्यंतच जातो, म्हणून जुन्या सर्व्हरवर ३२ एमबीच्या आसपास गाडी अडते. एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणं) किंवा पेन ड्राइव्ह सरळ पडतं.

आता कॉन्फिग. इथे घाई करू नका. स्विचमध्ये दोन कॉन्फिग असतात, एक चालू असलेलं आणि एक सेव्ह केलेलं, आणि ती दोन्ही सारखीच असतील हे गृहीत धरायचं नाही. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी फक्त सेव्ह केलेल्याची प्रत घेतली होती. अपडेट झालं, स्विच उठला, सगळे दिवे हिरवे, पण काट्याच्या संगणकाला हिशोबाचा सर्व्हर दिसेना. आधी कधीतरी कोणीतरी काट्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचमध्ये आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) करून दिला होता आणि सेव्ह करायचं राहून गेलं होतं. स्विच यूपीएसवर असल्याने तेव्हापासून कधी बंदच झाला नव्हता, म्हणून ते कोणाला कळलंही नव्हतं. रात्री दोन वाजता टॉर्च धरून एकेक केबल ओढत, कोणती कुठे जाते ते शोधत बसलो. काट्याचं पोर्ट जागेवर आलं तेव्हा फाटकावर पहिला ट्रॅक्टर उभा होता, आणि कापूस घेऊन आलेला शेतकरी माझ्यामुळे तासभर थांबला. ते मला अजून लागतं. तेव्हापासून दोन्ही कॉन्फिगच्या प्रती घेतो, शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघतो, आणि फरक निघाला तर तो कशासाठी आहे हे मालकांना किंवा मुनिमांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची वायर) बॅगेत आहे एवढ्यावर भागत नाही. आदल्या दिवशी ती त्याच लॅपटॉपला आणि त्याच स्विचला लावून बघा. यूएसबीचा ड्रायव्हर चढलाय का, स्पीड ९६०० आहे की १,१५,२००, फ्लो कंट्रोल बंद आहे का. स्पीड चुकला की पडद्यावर नुसती चिन्हं सांडतात. स्विच नेटवर्कवरून, म्हणजे त्याच्या आयपी पत्त्यावर, येईनासा झाला तर आत शिरायची हीच एक वाट उरते.

स्विचच्या पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या खाचांचा, नकाशा कागदावर काढा. कॅमेरे आणि वायफायचे डबे स्विचच्याच पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणारी वीज) चालत असतील तर रीबूटला तेही बंद पडतात. काही मॉडेलमध्ये रीबूट होतानाही पीओई चालू ठेवायची सोय असते, ती आपल्यात आहे का बघा. नसेल तर वॉचमनला आधी सांगून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं गोदामाचे कॅमेरे दिसणार नाहीत. त्याच कागदावर आत्ताची स्थिती लिहा: कोणती पोर्टं चालू, कोणता व्हीलॅन कुठे, स्पॅनिंग ट्रीचा (केबलचा फेरा झाला तर नेटवर्क अडकू न देणारी सोय) रूट, म्हणजे मुख्य स्विच, कोण. नंतर ताडायला हेच लागतं.

बहुतेक चांगल्या स्विचमध्ये फर्मवेअरच्या दोन जागा असतात. नवं दुसऱ्या जागेत टाका, जुनं पुसू नका. परत जुन्यावर जायची वेळ आली तर नव्याने बदललेलं कॉन्फिग जुन्याला समजेलच असं नाही, म्हणून आधी घेतलेली प्रत पेन ड्राइव्हवर हवीच.

यूपीएसची बॅटरी खरोखर भार धरते का, ते मेन बंद करून बघा. फ्लॅशवर लिहीत असताना वीज गेली तर स्विच निकामी होऊ शकतो. रॅक उघडून पंख्यावर साचलेले रुईचे तंतू ब्लोअरने काढा. जिनिंगमध्ये एका हंगामात जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. रॅकची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारून ठेवा.

स्विच एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यात टोकाचा, कमी कामाचा आधी करा. तो एक दिवस नीट चालू द्या. ज्याच्यातून बाकीच्यांपर्यंत पोचता तो मधला स्विच शेवटी.

आणि त्या रात्री काटा चालवणाऱ्या माणसाला थांबवून घ्या. स्विच उठला, कागदावरची स्थिती जुळली, की त्याला सांगा, “नाना, एक पावती काढा.” रिकामी गाडी काट्यावर चढवून, वजन संगणकात येऊन, पावती प्रिंटरमधून बाहेर पडली की कॉन्फिग सेव्ह करा, त्याची नवी प्रत घ्या आणि मग रॅकला कुलूप लावा.